वासीच्या कत्तलीचं चित्र

प्रश्न : आम्ही शरणपूरचे प्रोटेस्टंट. भाचीचं लग्न कॅथलिक मुलाशी ठरलंय. परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी एक जुनं चित्र टाकलं. कोठारात प्रार्थनेला जमलेल्या लोकांना सैनिक कापताहेत आणि चित्रभर ए, बी, सी अशी अक्षरं आहेत. खाली काकांनी लिहिलंय, ‘ह्यांच्यात मुलगी देताय?’ हे चित्र खरं आहे का?
— एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, घटना खरी आहे. 1 मार्च 1562 रोजी फ्रान्समधल्या वासी गावी ड्यूक ऑफ गीझ या कॅथलिक सरदाराच्या माणसांनी प्रोटेस्टंटांची कत्तल केली आणि तिथल्या धर्मयुद्धांना तोंड फुटलं. चित्र मात्र नंतरचं. तोर्तोरेल आणि पेरिसँ या दोघा चित्रकारांच्या चित्रमालिकेतलं ते आहे. मालिका 1570 च्या सुमारास जिनिव्हात, म्हणजे प्रोटेस्टंटांच्याच शहरात निघाली.

माझी हयात नाशिकरोडला छपाईत गेली, त्यामुळे चित्र मोठं करून बघितल्याशिवाय राहवलं नाही. छप्पर फोडून पळणाऱ्यांवर बंदुका रोखल्यात. कब्रस्तानाच्या भिंतीला रेलून एक कार्डिनल (कॅथलिकांचा बडा धर्मगुरू) नुसता बघतोय. कुणी गरिबांची दानपेटी उचकटतोय! प्रत्येक अक्षराचा खुलासा मूळ चित्राखाली छापलेला असतो (ग्रुपवर येईपर्यंत तो बहुधा कापला गेला). त्या अक्षरांमुळे बघणाऱ्याला हा पंचनामाच वाटतो, आणि काढणाऱ्यांना तेच हवं होतं.

आता काकांना त्याच मालिकेतलं नीम शहराचं चित्र शोधायला सांगा. तिथे 1567 साली प्रोटेस्टंटांनी कॅथलिकांना मारून विहिरीत टाकलं. जिनिव्हात छापलेल्या मालिकेत तेही आहे, याचं मला फार मोल वाटतं. कॅथलिकांकडूनही असंच काम झालं. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या रिचर्ड व्हर्स्टेगनने 1587 मध्ये अँटवर्पला सचित्र पुस्तक काढलं. तशीच अक्षरं, तसेच खुलासे, फक्त मारणारे प्रोटेस्टंट.

मेलेली माणसं दोन्हीकडची खरी. पण साडेचारशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्सचा जाब नाशिकच्या एका मुलाला विचारणं हा अन्याय आहे, हे काकांना स्पष्ट सांगा. वासी आणि नीम, दोन्ही चित्रं खुलाशासकट ग्रुपवर टाका. आणि फादरना लवकर भेटा. अशा लग्नाला कॅथलिक चर्चची परवानगी काढावी लागते, त्यात वेळ जातो.