'सर्व' हा शब्द खोडा

प्रश्न : माझी मुलगी ॲडलेडला असते. जावई ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा मूळनिवासी, नारिंजेरी समाजाचा. व्याह्यांचे वडील नावाजलेले गोष्टी सांगणारे. शाळाशाळांतून त्यांना बोलावणं असे. गेल्या वर्षी ते गेले. आता घरची मंडळी त्यांच्या नावानं धर्मादाय संस्था काढताहेत. मी जन्मभर हिशेब तपासले, म्हणून घटनेचा मसुदा माझ्या गळ्यात पडला. पहिलं उद्दिष्ट लिहिलं : 'आजोबांच्या सर्व गोष्टी पुस्तकरूपाने छापणे.' ते वाचून विहीणबाई गप्पच झाल्या. माझं काय चुकलं?

उत्तर : ताई, घोटाळा 'सर्व'नं केला. आजोबा गोष्ट सांगत, म्हणून ती त्यांच्या एकट्याची होत नाही. एखादी अख्ख्या कुळाची असते, एखादी विशिष्ट जागेशी बांधलेली, एखादी चारचौघांत सांगायचीच नसते. कोणती बाहेर जावी, हे त्यांच्यातली वडीलधारी मंडळी ठरवतात. तुम्ही ते परस्पर ठरवून टाकलंत.

त्यांचं गप्प होणं उगीच नाही. ५० डॉलरच्या नोटेवरचे डेव्हिड उनायपॉन याच समाजातले. (मुलीकडे जाता तेव्हा नोट हातात येत असेलच, एकदा नीट बघा.) १९२०च्या दशकात त्यांनी गोष्टी लिहून काढल्या. प्रकाशकानं ते हस्तलिखित विल्यम रॅमसे स्मिथ यांना विकलं आणि १९३० साली लंडनमध्ये पुस्तक निघालं ते स्मिथ यांच्या नावावर. उनायपॉन १९६७ साली वारले. त्यांच्या नावानं ते पुस्तक यायला २००१ साल उजाडलं. मूळनिवासी चित्रकार अल्बर्ट नामाजिरांचं तेच : त्यांच्या चित्रांचे हक्क सरकारी विश्वस्तानं १९८३ मध्ये ८,५०० डॉलरला विकले. २०१७ मध्ये ते त्यांच्या नावच्या ट्रस्टकडे परत आले, एका डॉलरला!

तेव्हा छपाईआधी टेप शोधा. कुठल्या शाळेनं, कुणा अभ्यासकानं आजोबांना ध्वनिमुद्रित केलं होतं? तोंडी गोष्टीला तिथे कॉपीराइट नाही, ध्वनिमुद्रणाला आहे आणि जुन्या टेपचा हक्क बहुधा टेप करणाऱ्याकडे असतो. हक्क मिळाले तर उत्तम, निदान प्रती तरी मिळवा. कॅनबेराच्या आयात्सिस या मूळनिवासींच्या अभ्यास-संस्थेतही चौकशी करा.

संस्थेच्या नावाचंही गृहीत धरू नका. अनेक समाजांत गेलेल्या माणसाचं नाव आणि फोटो काही काळ वर्ज्य असतात. गायक आर्ची रोच २०२२ मध्ये गेले, तेव्हा मुलांनी परवानगी दिली म्हणून नाव वापरता आलं. तुम्ही पत्रात आजोबांचं नाव लिहिलं नाहीत, ते बरं केलंत.

नोंदणीचं तुम्हाला जमेल. एसीएनसी हा धर्मादाय आयोग ती फुकट करतो. देणगीदारांना करसवलत हवी तर डीजीआर मान्यता वेगळी घ्यावी लागते. मी मात्र आधी ओरिककडे, म्हणजे मूळनिवासींच्या संस्था नोंदवणाऱ्या कार्यालयाकडे जाईन, कारण तिथे नोंदलेल्या संस्थेत बहुसंख्य सभासद मूळनिवासीच असावे लागतात.

तुम्ही खजिनदार व्हा, अध्यक्ष नको. आणि पहिल्या उद्दिष्टाची जागा कोरी ठेवून मसुदा विहीणबाईंकडे पाठवा.