वाचकांचे प्रश्न : मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, गाडीने, सगळं घर घेऊन

खान्देशातली बरीच मुलं-मुली आता टेक्सास-कॅलिफोर्नियात आहेत आणि आई-वडील त्यांच्याकडे जाऊन राहतात. तिथून मेक्सिको जवळ. त्यामुळे या वेळच्या पत्रांत तोच विषय पुन्हा पुन्हा आला. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

मुलगा ह्यूस्टनला असतो. आम्ही दोघे, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात असे पाच जण त्याच्याच गाडीने मेक्सिकोच्या किनाऱ्याला आठवडाभर जाऊन येऊ म्हणतो. पहिलीच वेळ आहे. रस्ता कोणता घ्यावा?
— एक वाचक, चोपडा

ह्यूस्टनहून गाडी नेऊ नका. टेक्सासहून किनाऱ्याने खाली उतरलं की पहिलं राज्य लागतं तामाउलिपास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ज्या राज्यांत ‘जाऊ नका’ असं सांगितलं आहे, त्यांत ते आहे. मासात्लान ज्या सिनालोआत येतं आणि आकापुल्को ज्या गेरेरोत येतं, ती दोन्ही राज्यंही त्याच यादीत आहेत. ही यादी बदलत असते, म्हणून निघण्याआधी एकदा पाहून घ्या. तो धोका टाळला तरी ह्यूस्टन ते कान्कून, म्हणजे मेक्सिकोच्या पूर्व टोकावरचं किनाऱ्याचं शहर, हे अंतर एका आठवड्यात जाऊन-येऊन झेपणारं नाही. लहान मूल आणि साठीच्या पुढची माणसं सोबत असताना तर नाहीच.

ह्यूस्टनहून विमानाने कान्कूनला उतरा आणि गाडी तिथे भाड्याने घ्या. कान्कून ज्यावर आहे तो युकातान द्वीपकल्प सपाट आहे. घाट नाही, रस्ते रुंद आहेत आणि मुक्कामाची गावं एकमेकांपासून दीड-दोन तासांवर आहेत. पहिल्या सहलीला याहून सोपा किनारा मेक्सिकोत नाही.

आठवड्याची आखणी अशी करा. पहिले दोन दिवस पुएर्तो मोरेलोस. विमानतळापासून जेमतेम वीस किलोमीटरवरचं हे शांत गाव आहे. उतरल्या दिवशी परक्या गाडीत, परक्या बाजूने यापेक्षा जास्त चालवू नये. मग ३०७ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेला तुलुम. समुद्राच्या कड्यावर बांधलेलं माया लोकांचं जुनं नगर इथे आहे. तिथे दोन रात्री राहा. पुढे आत वळून वायादोलिद, सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे आपल्या जळगाव-धुळ्याएवढं. वाटेत कोबा हे माया लोकांचं आणखी एक जुनं नगर लागतं. वायादोलिदला दोन रात्री काढून तिथून चिचेन इत्सा, म्हणजे माया लोकांचं पिरॅमिड असलेलं जुनं नगर, पाहून या. एका बाजूचं अंतर पंचेचाळीस किलोमीटर आहे. परतताना १८०-डी या टोलच्या रस्त्याने थेट कान्कून. सगळं मिळून पाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. मेरिदा आणि सेलेस्तूनचे फ्लेमिंगो यात जोडायचा मोह होईल. त्यासाठी आणखी तीन दिवस हाताशी हवेत, सातात कोंबलं तर नात गाडीतच कंटाळेल.

चिचेन इत्साला सकाळी आठला, दार उघडायच्या वेळी पोहोचा. दहानंतर कान्कूनच्या बसेस येतात आणि ऊनही चढतं. इथे घड्याळाची एक गंमत आहे. कान्कून-तुलुम ज्या किंताना रो राज्यात आहे त्याचं घड्याळ वायादोलिद-चिचेन इत्सा ज्यात येतात त्या युकातान राज्यापेक्षा एक तास पुढे असतं. वायादोलिदला जाताना तास मिळतो, परतताना जातो. विमान पकडायच्या दिवशी हा तास विसरणाऱ्यांची फजिती होते. चिचेन इत्साचं तिकीट दोन भागांत असतं, एक राज्याचं आणि एक केंद्राचं, म्हणून दुसऱ्या खिडकीवरही पैसे भरावे लागतात. मोठ्या पिरॅमिडवर चढायला आता बंदी आहे. चारही बाजूंच्या प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरचा एक चौथरा मिळून ३६५ होतात, हा हिशोब नातीला खालूनच दाखवा.

या भागात जमिनीवरून वाहणारी नदी जवळपास नाही. सगळा चुनखडीचा खडक आहे, पाणी खालून वाहतं आणि जिथे छत खचलं तिथे ‘सेनोते’ नावाचे डोह झाले आहेत. वायादोलिदच्या गावातच सासी नावाचा सेनोते आहे. पाणी थंड आणि खोल असतं, उथळ कडा बहुतेक नसतेच. लहान मुलाला लाइफ जॅकेट घातल्याशिवाय काठावरसुद्धा सोडू नका. उतरण्याआधी अंघोळ करायला लावतात आणि सनस्क्रीन चालत नाही. अंगभर कपडे हाच उन्हावरचा उपाय.

डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम, त्यातला नाताळ-नववर्षाचा आठवडा आणि पुढे ईस्टरचा आठवडा सोडून, कारण तेव्हा अख्खा मेक्सिको सुटीवर असतो. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. मे महिन्याच्या सुटीत जाणार असाल तर एक सांगून ठेवतो. साधारण एप्रिल ते ऑगस्ट या किनाऱ्यावर सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने वाहून येतं, कुजतं आणि वास मारतं. आपल्याकडचं पंचेचाळीस अंशांचं ऊन सोसलेल्या माणसाला तिथला उन्हाळा आकड्यावरून किरकोळ वाटेल. पण हवा दमट असते आणि घाम वाळत नाही. तो त्रास वेगळाच.

आमच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे. मेक्सिकोचा वेगळा काढावा लागेल का?
— एक वाचक, भुसावळ

नाही. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर १८० दिवसांपर्यंत पर्यटक म्हणून प्रवेश मिळतो. किती दिवस द्यायचे ते तिथला अधिकारी ठरवतो, त्यामुळे शिक्क्यावर किंवा कागदावर लिहिलेला आकडा खिडकीपाशीच वाचा.

अडचण बहुधा मुलांची होते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलाच्या पासपोर्टमधला व्हिसा संपलेला असतो आणि हाती फक्त मंजुरीचं पत्र असतं. अमेरिकेत राहायला ते पुरतं, मेक्सिकोला पुरत नाही, आणि विमानतळावरूनच परत फिरावं लागतं. तिकिटं काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या व्हिसाची तारीख पाहा. तुमचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, तेही पाहा. आणि मेक्सिकोला आठवडाभर जाऊन आल्याने अमेरिकेतली तुमची मुदत नव्याने सहा महिने होईलच, असं धरून चालू नका.

माझं लायसन्स धुळे आरटीओचं आहे. तिकडे गाडी चालवता येईल का? आणि भाड्याच्या गाडीचा नेटवर दिसतो तो दर खरा असतो का?
— एक वाचक, धुळे

लायसन्स चालतं, ते चालू आणि इंग्रजी अक्षरांतलं असावं. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना असलेला बरा, कारण काउंटरवरच्या माणसाला आणि रस्त्यावरच्या पोलिसाला तो पटकन कळतो. सारथी पोर्टलवरून फॉर्म ४-ए भरा, शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्षाची. भारतातून निघण्याआधीच काढा. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्या पुस्तिकेला काही अर्थ नाही.

नेटवरचा दर मात्र जवळजवळ कधीच पूर्ण नसतो, आणि सहलीचा सगळ्यात मोठा मनस्ताप इथेच होतो. मेक्सिकोत दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. अमेरिकेतली पॉलिसी तिथे त्यासाठी धरत नाहीत. क्रेडिट कार्डासोबत मिळणारं संरक्षण असलंच तर भाड्याच्या गाडीच्या मोडतोडीपुरतं असतं, समोरच्याच्या नुकसानीचं नसतं. स्वस्त दिसणाऱ्या बुकिंगमध्ये हा विमा धरलेलाच नसतो. काउंटरवर तो चढतो आणि बिल कित्येकदा दुप्पट होतं. म्हणून बुक करतानाच लेखी विचारा: ‘दान्योस आ तेर्सेरोस’ म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा धरला आहे का, किती रकमेपर्यंत, आणि ‘आसिस्तेन्सिया लेगाल’ म्हणजे कायदेशीर मदत त्यात आहे का. ही मदत महत्त्वाची आहे. अपघातात कुणी जखमी झालं, तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवता येतं. अपघात झाल्यास आधी विमा कंपनीला फोन करा. त्यांचा माणूस, ‘आहुस्तादोर’, जागेवर येतो. तो येईपर्यंत समोरच्याशी परस्पर मिटवून निघून गेलात तर विमा हात वर करतो.

अनामत रकमेसाठी चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड बहुधा घेत नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा. काही दिवस बरीच रक्कम अडकून पडते, म्हणून मर्यादा आधीच वाढवून घ्या.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. चारही बाजूंनी, छत आणि टायरसकट व्हिडिओ काढा. पेट्रोलच्या काट्याचा आणि किलोमीटरचा फोटो घ्या. स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीत आहेत का पाहा, एसी आणि वायपर चालवून बघा. गाडीचं नोंदणीपत्र आणि विम्याचा कागद कुठे ठेवलाय ते विचारा. पाच माणसं आणि चार बॅगा सेडानमध्ये बसत नाहीत, मोठी गाडी घ्या. बॅग सीटवर उघडी दिसली की काच फुटण्याची शक्यता वाढते. मुलांची सीट अमेरिकेतूनच नेलेली बरी. भाड्याची कधी मळकी असते, कधी पट्टाच तुटका निघतो.

तिथे उजव्या बाजूने चालवतात. सवय किती दिवसांत होते? रस्त्यात काय सांभाळावं?
— एक वाचक, शिरपूर

सरळ रस्त्यावर तासाभरात सवय होते. चूक होते ती पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, यू-टर्न घेतल्यावर आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर. समोर गाडी नसली की हात आपोआप डावीकडे ओढतो. ‘चालकाचा खांदा रस्त्याच्या मधल्या रेघेकडे’ ही एकच खूण धरा आणि शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर ती मोठ्याने म्हणावी. इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्याही उलट असतात. पहिल्यांदाच जात असाल तर ऑटोमॅटिक गाडी घ्या.

अंधारात चालवू नका. याला अपवाद नाही. गावाच्या तोंडाशी ‘तोपे’ असतात, म्हणजे आपले गतिरोधकच, पण कित्येक ठिकाणी रंग उडालेले आणि फलक नसलेले. ऐंशीच्या वेगात असा तोपे लागला की टायर किंवा सस्पेन्शन जातं. रात्री ते दिसत नाहीत, आडवी येणारी गुरंही दिसत नाहीत. सूर्य मावळण्याआधी तासभर मुक्कामी पोहोचायचं, हे धरूनच दिवस आखा.

फलक स्पॅनिशमध्ये असतात. ‘आल्तो’ म्हणजे थांबा, ‘रेतोर्नो’ म्हणजे यू-टर्न, ‘नो रेबासे’ म्हणजे ओव्हरटेक नको, ‘कुओता’ टोलचा रस्ता, ‘लिब्रे’ बिनटोलचा. टोल पेसोत आणि रोख भरायची तयारी ठेवा. पावती जपा, त्या रस्त्यापुरता विमा त्यात असतो. १८०-डी वर पंप फार कमी आहेत, चढण्याआधी टाकी भरा. दुपदरी रस्त्यावर पुढचा ट्रकवाला डावा इंडिकेटर देतो तेव्हा ‘ये, पुढे मोकळं आहे’ असंही म्हणत असेल किंवा त्याला खरंच डावीकडे वळायचं असेल. आपल्या डोळ्यांना पुढचा रस्ता दिसल्याशिवाय काढू नका.

पंपावर गाडीतून उतरून आकडा शून्यावर आहे का ते पाहा. हिरवी ‘माग्ना’ साध्या गाडीला, लाल ‘प्रीमियम’, आणि काळी नळी डिझेलची. नोट देताना रक्कम मोठ्याने म्हणा. पाचशेची नोट आणि जुनी वीसची, दोन्ही निळ्या आणि दोन्हींवर बेनितो हुआरेस. घाईत ‘तुम्ही वीसच दिले’ असं ऐकावं लागतं.

पंक्चर झालं तर ‘व्हुल्कानिसादोरा’ अशी पाटी शोधा. आपल्याकडच्या ‘व्हल्कनायझिंग’च्या पाटीची ती सख्खी बहीण. महामार्गावर गाडी बंद पडली तर ०७८ वर ‘आंखेलेस व्हेर्देस’ ही सरकारी मदत मिळते. मजुरी घेत नाहीत, सुट्या भागाचे आणि पेट्रोलचे पैसे द्यावे लागतात. तातडीचा क्रमांक ९११.

पोलिसाने थांबवून जागेवर रोख मागितली तर शांतपणे लेखी दंडपावती, ‘ला मुल्ता’, मागा आणि चौकीत भरतो म्हणा.

आम्ही शुद्ध शाकाहारी. मका आणि राजम्याचा देश म्हणजे खायची चिंता नसावी, बरोबर ना?
— एक वाचक, सावदा

अर्धं बरोबर. मक्याची तोर्तिया म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची पातळ भाकरीच. तिच्यात साधारणपणे चरबी नसते. पण गव्हाच्या तोर्तियात आणि घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी सर्रास घालतात. तिला ‘मांतेका’ म्हणतात. ‘मांतेकिया’ म्हणजे लोणी. एका अक्षराचा फरक आहे, नीट उच्चारा. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. शिवाय ‘कार्ने’ म्हणजे मांस नको म्हटलं की पुष्कळ ठिकाणी फक्त लाल मांस वगळतात आणि कोंबडी येते. म्हणून पूर्ण म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे, चरबी आणि कोंबडीचं पाणी यांतलं काही नको. कागदावर लिहून दाखवलंत तर अधिक चांगलं.

बिनधोक गोष्टीही आहेत: ग्वाकामोले ही अॅव्होकाडोची चटणी, भाजलेलं कणीस (वरचं मेयोनीज नको म्हणा), निवडुंगाची ‘नोपाल’ भाजी, आणि ‘सिकिल पाक’ ही भोपळ्याच्या बिया व टोमॅटोची चटणी. ही शेवटची खान्देशी जिभेला लगेच आवडावी. हाबानेरो मिरची मात्र आपल्या ठेच्याच्या हिशोबाने घेऊ नका, थेंबाने सुरुवात करा.

कांदा-लसूणही चालत नसेल तर स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या. गावोगाव ‘तोर्तियेरिया’त गरम तोर्तिया किलोवर मिळतात, बाजारात काळा राजमा, भोपळा, टोमॅटो आणि केळी असतात. प्यायला नळाचं पाणी नको. वीस लिटरचा जार, ‘गार्राफोन’, घ्या. घरून ताजी फळं, भाज्या आणि बियाणं नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. बंद पाकिटातला कोरडा खाऊ असेल तर तो फॉर्मवर लिहा.

मुलगी सॅन दिएगोला आहे. जावयांच्या गाडीने दोन दिवस एन्सेनादाला जाऊन येता येईल?
— एक वाचक, अमळनेर

येईल. एन्सेनादा ज्या बाखा कॅलिफोर्निया राज्यात आहे तिथे गाडीला तात्पुरत्या आयातीचा परवाना लागत नाही. मेक्सिकोचा विमा निघण्याआधी दिवसांच्या हिशोबाने ऑनलाइन घ्या आणि छापून ठेवा. गाडी लीजवर असेल तर मालक कंपनीचं पत्र हवं. सीमेवर गाडी न अडवता आत सोडतात, म्हणून कित्येक जण इमिग्रेशनला थांबतच नाहीत. तुम्ही स्वतःहून थांबून प्रवेशाची नोंद करा. जमिनीवरून सात दिवसांच्या आत येणाऱ्यांना तिचे पैसे पडत नाहीत. सीमेवरच्या तिहुआनापासून एन्सेनादापर्यंतचा टोल रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा, समुद्राला लागून आहे. परतताना सीमेवर दोन-तीन तासांची रांग धरून चाला आणि आजी-आजोबांना आधीच स्वच्छतागृहाला जाऊन यायला सांगा.

सर्दीच्या गोळ्या सोबत नेल्या तर चालतील?
— एक वाचक, नंदुरबार

स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या नेऊ नका, मेक्सिकोत ते बंद आहे. पाकिटावरचे घटक वाचा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवा.