घळीत उतरण्यापूर्वी ऐकून घ्या

प्रश्न : मी फिनिक्सला राहतो. ऑगस्टअखेरीस आम्ही चौघे युटा-ॲरिझोना सीमेवरच्या बकस्किन गल्च या अरुंद घळीतून पारिया कॅन्यनमार्गे लीज फेरीपर्यंत पायी जाणार आहोत. तिथे मोबाइल चालत नाही. एका स्नेह्यांनी त्यांचा हातात धरायचा रेडिओ स्कॅनर देऊ केला आहे. अडचणीच्या वेळी त्याचा उपयोग होईल का, तो वापरणे कायद्यात बसते का, आणि पुढे सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी तो भारतात आणता येईल का?

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘अडचणीच्या वेळी’ या शब्दांपाशी आधी थांबले पाहिजे, कारण स्कॅनर निरनिराळ्या फ्रिक्वेन्सींवरची प्रसारणे केवळ ऐकतो, त्यावरून कोणालाही हाक मारता येत नाही. मदत मागण्यासाठी ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाकडे इशारा पाठवणारा बीकन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र वेगळे घ्यावे लागेल. अरुंद घळीत आभाळाची चिंचोळी पट्टीच दिसत असल्यामुळे त्यांचा संदेशही अडकू शकतो, हे तेवढे ध्यानात असू द्यावे.

स्कॅनरचा खरा उपयोग अडचण येण्यापूर्वीचा आहे. अमेरिकेत ‘नोआ वेदर रेडिओ’ या सरकारी हवामान-प्रसारणावर हवामानाचे अंदाज आणि इशारे चोवीस तास दिले जातात आणि त्यासाठी १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात सात फ्रिक्वेन्सी राखून ठेवल्या आहेत. या साती फ्रिक्वेन्सी घरीच संचात भरून घ्या आणि वाटेत कोणती स्पष्ट ऐकू येते ते गाडीतून उतरून पाहा. त्यावर यंत्राचा सपाट आवाज तीच माहिती फिरून फिरून वाचत असतो, त्यामुळे पहिल्या खेपेस काही निसटले तरी बिघडत नाही.

या प्रसारणात इशारे काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, नावाने दिले जातात आणि नवखा माणूस नेमका इथेच चुकतो. आपली वाट युटातील केन काउंटीतून ॲरिझोनातील कोकोनिनो काउंटीत जाते, परंतु पारिया नदीचा उगम उत्तरेला ब्राइस कॅन्यनच्या बाजूला, गारफील्ड काउंटीत आहे. म्हणून ही तिन्ही नावे नकाशाच्या कडेला लिहून ठेवा, आणि आपल्या डोक्यावर निरभ्र आभाळ असले तरी वरच्या अंगाला ‘फ्लॅश फ्लड’चा, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराचा, इशारा असेल तर घळीत उतरू नका. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ जण वाहून जाऊन मरण पावले, ते दूरवर पडलेल्या पावसाच्या लोंढ्यामुळे.

एकदा घळीत शिरल्यावर मात्र संचावर भिस्त ठेवू नये, कारण या लहरी साधारण दृष्टीच्या रेषेत जातात आणि खडकाच्या उंच भिंतींमागे पोहोचत नाहीत. एका मुक्कामी कोरड्या ओढ्याच्या काठी माझ्या संचातून नुसती खरखर येत होती. चहाचे आधण ठेवून मी शेजारच्या टेकाडावर चढलो, तर तोच अंदाज स्वच्छ ऐकू आला. तेव्हा घळीच्या तोंडाशी सकाळी दहा मिनिटे ऐकावे आणि मगच आत शिरावे. जुलै ते सप्टेंबर या काळात तिकडची वादळे बहुधा दुपारी उठतात. एरवी संच बंद ठेवावा, म्हणजे बॅटरी पुरेल. रेंजर किंवा अग्निशमन दलाची बोलणी ऐकण्याचा मोह होईल, पण ती डिजिटल असतील तर जुन्या अ‍ॅनालॉग संचावर केवळ गुरगुर ऐकू येते, आणि गुप्ततेसाठी सांकेतिक केलेली असतील तर डिजिटल संचावरही ती कळण्याची आशा नको.

कायद्याचे म्हणाल, तर हवामानाचे प्रसारण सर्वांसाठीच असते. मोबाइलवरील संभाषण ऐकण्यास मात्र १९८६ च्या संघीय कायद्याने मनाई आहे. न्यूयॉर्क, फ्लोरिडा अशा काही राज्यांत पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा संच गाडीत ठेवण्यावरही बंधने आहेत, म्हणून पुढे कधी तिकडे गेलात तर त्या राज्याचा नियम आधी पाहून घ्या.

भारतात वायरलेस संच परवान्याशिवाय जवळ बाळगण्यावर १९३३ च्या कायद्यापासून निर्बंध चालत आलेले आहेत, आणि विमानतळावर अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ‘हा फक्त ऐकतो’ हे पटवत बसण्यात हशील नाही. सह्याद्रीत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्हावार रंगीत इशारा पाहिला, तर तेच काम होते. स्कॅनर फिनिक्सच्या घरीच ठेवून या.