वजन कमी न होता, नुसत्या थेरपीने स्वतःबद्दल बरं वाटतं का?

तुम्ही विचारलंय, वजन नव्वदीच्या पुढे आहे, आरशात बघवत नाही, तर आधी वजन उतरवू की समुपदेशकाकडे जाऊ? मीही नागपूरचीच, अंगाने भरलेली, आणि थेरपी घेतलेली. वजन उतरायची वाट बघू नका. "दहा किलो कमी झाले की फोटो काढू, मग साडी नेसू" करता करता वर्षं निघून जातात. वजन आणि मन, दोन्ही कामं सोबत चालू शकतात.

१९९५ साली अमेरिकेत जेम्स रोझेन आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ बायकांना फक्त शरीरप्रतिमेसाठी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायची थेरपी) दिली, डाएट नाहीच. वजन उतरलं नाही, पण शरीराबद्दलची नाराजी कमी झाली, आत्मसन्मान वाढला.

अशा थेरपीत करतात काय? मला समुपदेशक मॅडमनी आरशापुढे उभं करून डोक्यापासून पायापर्यंत दिसेल ते सांगायला लावलं. दंडापाशी आले तर तोंडातून "ओंगळ" निघालं. त्या म्हणाल्या, "हे मत झालं. दिसतंय काय?" मग सांगितलं: गोल, सावळा, वर बीसीजीचा वण, ब्लाउजच्या बाहीचा वळ. रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण घरी रोज करत गेले तशी धास्ती ओसरली.

दुसरा प्रकार म्हणजे भाकीत लिहून ते तपासायचं. लग्नाला जाण्याआधी लिहिलं: "सगळे माझ्या ताटाकडे बघतील." खात्री किती, तेही शंभरपैकी. गेले. लोक बुफेच्या रांगेत पनीर शोधत होते. एक मामी मात्र बोललीच, "काय वं, किती सुटून गेली तू!" तिला द्यायचं उत्तर आधीच घोकून ठेवलं होतं: "मामी, वजनाचं राहू द्या, तुमचे गुडघे कसे आहेत?" त्यावर ती अर्धा तास गुडघ्यांवरच बोलली. माणसं बोलायची थांबत नाहीत. आपण लग्नाला जाणं थांबवायचं नाही, एवढंच.

थायरॉइड, साखर, पाळीच्या तक्रारी (पीसीओएस) डॉक्टरांकडे वेगळ्या तपासा. थेरपी हा त्यावरचा इलाज नव्हे. आणि रात्री लपून, ताबा सुटल्यासारखं खाणं किंवा खाऊन उलटी काढणं होत असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. लाजू नका, त्याचे उपचार वेगळे असतात.

कुणाकडे जायचं? 'लाइफ कोच' पाट्यांना भुलू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का, विचारा. खाजगी फी झेपत नसेल तर नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) किंवा मिहानच्या एम्सची मानसोपचार ओपीडी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि पहिल्या भेटीत कुणी थेट वजनकाट्यावर उभं करून डाएटचा कागद हातात दिला, तर दुसरीकडे बघा.