वाशी खाडीपुलावर लोकलमध्ये खाडीच्या वासाने मळमळतं, पण एपीएमसी बाजारात हापूसच्या वासाने आजोळ आठवतं. असं का?

पाहिलेलं-ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातं. वास मात्र घ्राणकंदातून, म्हणजे मेंदूतल्या वास टिपणाऱ्या भागातून, जवळजवळ थेट भावना नि आठवणींच्या भागांत, अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसच्या परिसरात, पोचतो. म्हणून आधी आजोळ आठवतं, मग आंबा.

खाडीच्या चिखलात ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांचा वास तो! शरीर त्याला कुजल्याची खूण समजतं: श्वास आखडतो, पोट ढवळतं. गाडी पुलावर रखडली तर नाक सरावतं, वास कमी जाणवतो.

एक मात्र कळकळीने सांगते. गटारात, टाकीत हा वायू फार साठला तर वास येणंच बंद होतं आणि माणसं दगावतात. तिथे नाकावर कधीही विसंबू नका.