खाण संपली की माती पसरून झाडं लावतो म्हणतात, एवढं पुरेसं आहे का?

तुम्ही विचारलंय की शेजारी गोटे-वाळूची खाण सुरू होतेय, आणि खाणवाले म्हणतायत की काम संपलं की जागा सपाट करू, माती पसरू, हजारो झाडं लावू, तर प्राण्यापक्ष्यांसाठी तेवढं पुरे का. बरीच वर्षं अशाच साईट्सवर काढली आहेत म्हणून सरळ सांगतो, झाडांच्या आकड्यावर जाऊ नका. आधी मातीचं विचारा, आणि पोकलेन आत यायच्या आधी विचारा, नंतर विचारण्यात काही अर्थ नसतो.

वरचा सुपीक थर वेगळा काढायचा, त्याखालची माती वेगळी, ढीगही वेगवेगळे. वरच्या मातीचा ढीग साधारण २ मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, उंच झाला की आत हवा पोचत नाही आणि मातीतलं बी, गांडुळं, मुळांना धरून जगणारी बुरशी सगळं हळूहळू संपतं. ओल्या मातीत तर मशीन घालायचंच नाही. चिमूटभर माती घेऊन वळून बघा, ३ मिलिमीटरची वात न तुटता वळली गेली तर त्या दिवशी काम बंद. हे मला पाठ होतं, तरी एका साईटवर वरून घाई होती म्हणून मी गप्प बसलो, भर पावसात डंपर फिरवून माती पसरली, रोपं लावली, पहिल्या वर्षीचे फोटो काय सुंदर आले! दुसऱ्या वर्षी रोपं पिवळी पडायला लागली, उपटून बघितली तर मुळं वीतभर खाली जाऊन आडवी वळलेली, खालची माती फरशीसारखी घट्ट. मग रिपर, म्हणजे घट्ट जमीन खोलवर फोडणारा मशीनचा लोखंडी दात, लावून अर्धा मीटर फोडावी लागली आणि लागवड पहिल्यापासून.

दुसरं, म्हणजे खरं तर माझं मुख्य म्हणणं, सगळी जागा मातीनं झाकायचीच कशाला? उघडी वाळू, गोटे, कडक उन्हात तापणारा उतार, हे आपल्याला ओसाड दिसतं पण टिटवी अंडी तिथेच घालते, गोट्यांत अंडी अशी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या उघड्या वाळूतच बिळं करतात. वाळूच्या उभ्या कड्यात वेडे राघू, खंड्या आणि नदीकाठच्या दरडीत राहणाऱ्या पाकोळ्या भोकं पाडतात, शृंगी घुबड कपारीत बसतं. तेव्हा एक-दोन कडे राखून ठेवायला सांगा आणि विणीच्या आधी दरवर्षी थोडे नव्यानं तासायला सांगा, जुना कडा ढासळतो आणि जुन्या भोकांत पिसवा-गोचिड्या साठतात. पण गंमत अशी की पाकोळ्यांना आपला नकाशा कळत नाही, विक्रीसाठी ठेवलेल्या वाळूच्या ढिगाला उभी बाजू दिसली की त्या तिथेही घर करतात आणि मग पिल्लं उडेपर्यंत तो ढीग हलवता येत नाही. म्हणून त्या दिवसांत रोज संध्याकाळी ढिगाची बाजू तिरकी करून ठेवायची, एवढं साधं काम आहे, जेसीबीवाल्याला एकदा समजावलं की तो आठवणीनं करतो.

झाडांचं म्हणाल तर आजूबाजूला चांगलं नैसर्गिक रान शिल्लक असेल तर बरीच जागा तशीच सोडून द्या. चेक प्रजासत्ताकात क्लारा रेहोउन्कोवा आणि कारेल प्राख यांनी वाळू-गोट्यांच्या जुन्या खाणींचा अभ्यास केलाय, तिथे १०० मीटरच्या आत काय उगवलेलं आहे यावर खाणीत पुढे काय उगवणार हे बऱ्याच अंशी ठरत होतं. म्हणजे शेजारचं रान वाचवणं हीच अर्धी लागवड. उलट शेजारी नुसतं तण असेल तर तेच आत येणार, तिथे मात्र हात घालावाच लागतो.

पाण्याचा खड्डा राहणार असेल तर खोली कमी करायला नका सांगू, काठ सांगा. उभ्या काठाला वनस्पती धरत नाही, जनावर आत पडलं तर वर येत नाही. १० मीटरला १ मीटर इतका निवांत उतार, वेडावाकडा किनारा, मध्ये एखादं बेट. आणि कोणी उत्साहानं मासे सोडायला निघालं तर थांबवा, बेडकांची पिल्लं फस्त होतात. इंग्लंडमधलं नॉटिंगहॅमजवळचं ॲटेनबरो अभयारण्य अशाच खड्ड्यांवर उभं आहे, १९६६ मध्ये सुरू झालं.

पंपाचं विसरू नका. खड्डा कोरडा ठेवायला पाणी उपसलं की आजूबाजूची भूजल पातळी उतरते, शेजारचं दलदलीचं रान गुपचूप सुकतं आणि पुरावा कोणाकडेच नसतो. खाण सुरू व्हायच्या आधी निदान वर्षभराच्या पातळ्या लिहून ठेवायला लावा. उपसलेलं गढूळ पाणी गाळ बसवल्याशिवाय ओढ्यात नको.

शेवटी लेखी काय मागायचं: खोदकाम टप्प्याटप्प्यानं, मागचा टप्पा पूर्ववत केल्याशिवाय पुढच्याला परवानगी नाही, आणि पैसे आधीच बँक गॅरंटीत. "काम संपल्यावर करू" मान्य करू नका, काम संपतं तेव्हा साईटवर फक्त वॉचमन उरलेला असतो.