फोन पुरतो, पण एसटी जाते का ते विचारून घ्या

तुमचे प्रश्न दोन आहेत. नव्या गाडीच्या वरच्या व्हेरियंटमध्ये कंपनीचं नेव्हिगेशन मिळतं, त्यासाठी जादा पैसे घालावेत का? आणि पुण्याहून वर्षातून चार-पाचदा दापोली-गुहागरकडे जाणाऱ्याला मुळात त्याचा उपयोग होतो का?

पहिल्याचं उत्तर: नको. त्या व्हेरियंटमधल्या जादा एअरबॅगसाठी पैसे घाला, नकाशासाठी नको. माझ्या आधीच्या गाडीत होतं हे. नकाशा अपडेट करायचा तर सर्व्हिस सेंटरला गाडी लावा, आणि तिथला मुलगा म्हणणार, ‘सर, नवीन व्हर्जन अजून आलं नाही.’ चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला. माझ्या गाडीच्या पडद्यावर तो गाडी विकेपर्यंत उभा होता. आता ज्या गाड्यांत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालतं, तिथं फोनचाच नकाशा मोठ्या पडद्यावर येतो. तेवढं पुरे.

कंपनीच्या सिस्टिमचा एक गुण मान्य करतो. तिला चाकांचा वेग कळतो, म्हणून भाताणच्या बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले तरी ती अंदाजानं बाण पुढं सरकवत राहते. फोनचा बाण तिथं गोंधळतो. पण एक्स्प्रेसवेच्या बोगद्यात वळायचं कुठं असतं म्हणा!

दुसऱ्या प्रश्नाला थोडं सविस्तर लिहितो, कारण इथंच लोकांची गल्लत होते. ‘ताम्हिणीत रेंज गेली, जीपीएस बंद पडलं’ असं सगळे म्हणतात. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. साधारण २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चार दिसले की फोनला आपली जागा काढता येते, आणि त्याला डेटा खर्च होत नाही. रेंज गेल्यावर येत नाही तो नकाशा. म्हणून आदल्या रात्री घरच्या वायफायवर पुणे, रायगड, रत्नागिरी एवढा भाग ऑफलाइन उतरवून ठेवायचा. ट्रॅफिकचे लाल-पिवळे पट्टे दिसणार नाहीत, पण रस्ता दिसेल.

उपग्रह फक्त तुम्ही कुठं आहात एवढंच सांगतात. कुठून जायचं हे अॅप ठरवतं, आणि त्याला मिनिटं कळतात, रस्ता कळत नाही. चार मिनिटं वाचतात म्हणून ते चांगला राज्यमार्ग सोडून तुम्हाला गावठाणात घालतं, पुढं समोरून उसाची ट्रॉली येते आणि रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागतो. शहरात पुलाच्या तोंडाशीही तोच घोळ. पुलाखालचा रस्ता आणि वरचा रस्ता नकाशावर एकावर एक पडतात, त्यामुळे आपण वर असताना अॅपमधली बाई खालची वळणं सांगत बसते.

माझी स्वतःची फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात गुहागरहून दापोलीला यायचं होतं. अॅपनं धोपावे-दाभोळ फेरीबोटीचा रस्ता काढला. रस्ता बरोबरच होता. वाशिष्ठीची खाडी ओलांडली की पलीकडं दाभोळ, चिपळूणचा सगळा वळसा वाचतो. आम्ही वाटेत आवळ्याचं सरबत, फोटो, असं करत धोपाव्याच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि शेवटची बोट पलीकडं लागलेली, तिचे दिवे दिसत होते. फोनवर मात्र निळी रेघ पाण्यावरून आरामात दाभोळला पोचलेली. धक्क्यावर गळ टाकून बसलेला एक जण मान न वळवता म्हणाला, ‘आता सकाळी.’ मग उलट फिरून शृंगारतळी, चिपळूण, खेड. शंभर किलोमीटरच्या वर पडलं. बायको चिपळूणपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्यात अॅपचा दोष कमी, माझा जास्त, कारण बोटीची शेवटची वेळ विचारायला दुपारी एक फोन पुरला असता. बाणकोट खाडीवरच्या वेशवी-बागमांडल्याला आणि जयगड-तवसाळलाही हेच लागू.

रात्री तर जास्तच जपा. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली पुण्याची एक गाडी अकोले तालुक्यात नकाशा बघत गेली आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून पाण्यात उतरली. दोघं पोहून बाहेर आले, चालवणारा गेला. पूल पाण्याखाली आहे हे गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं.

म्हणून माझी पद्धत सांगतो. मोठा मार्ग घरीच ठरवायचा, कुठला घाट हे पक्कं करून. पावसाळ्यात वरंधा उघडा आहे की दरडींमुळे बंद, हे आदल्या दिवशी बातम्यांत किंवा तिकडच्या माणसाकडून काढायचं. वाटेत अॅपनं अनोळखी फाटा दाखवला की टपरीवर थांबून एकच विचारायचं: ‘या रस्त्यानं एसटी जाते का?’ ‘रस्ता चांगला आहे का’ असं विचारू नका. बुलेटवरून जाणाऱ्याला सगळेच रस्ते चांगले असतात. एसटी जात असेल तर तुमची हॅचबॅक नक्की जाते.

आणि गावाचं नाव टाकताना तालुका टाका. शिरगाव रत्नागिरीजवळ आहे, देवगडात आहे, तळेगावजवळही आहे. वडगावांचं तर विचारूच नका.

होल्डर एसीच्या जाळीवरचा घ्या, काचेवरचा नको. मे महिन्यात काचेवरचा फोन तापतो आणि नेमका फाट्यावर बंद पडतो. फोन हातात धरून चालवलं तर दंड आहेच. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत रस्ता बघायला फोन वापरायची मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. माझ्याकडं हल्ली फोन शेजारच्या सीटवर बायकोच्या हातात असतो, आणि बोटीच्या वेळाही तीच विचारते.